काळ्या सौम्य बिअरचे आस्वादन व मूल्यमापन : मोहोळच्या ज्वारीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोहोळ हे नाव कृषिशास्त्राच्या अभ्यासकांना ज्वारीमुळे परिचित आहे. सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी असलेल्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने 'एम ३५-१' हे वाण पुढे आले. त्यानंतर रब्बी ज्वारीची अनेक सुधारित वाणे आली. तथापि नव्या वाणाची भाकरी कशी होते हे ठरविताना तुलनेसाठी आजही याच वाणाकडे पाहिले जाते. अशा परीक्षणात दाण्याचा मोतिया रंग, पिठाला येणारा चिकटपणा, भाकरी निवाल्यानंतर टिकणारा मऊपणा आणि अखेरीस चव यांचा स्वतंत्रपणे विचार केला जातो. याचा अर्थ असा की चव ही केवळ व्यक्तिगत आवडीनिवडीची बाब नसून ती शिस्तीने नोंदविता येते, आणि ही शिस्त मोहोळ परिसराला नवी नाही.

भाकरीच्या परीक्षणाविषयी कोणी शंका घेत नाही. मद्याच्या परीक्षणाचा विषय निघाला की मात्र सुशिक्षित वर्गही दोन टोकांना जातो. एक वर्ग तो विषयच वर्ज्य मानतो, तर दुसरा परदेशी आणि महागडे ते उत्तम असे गृहीत धरतो. या दोहोंमध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो : कमी किमतीच्या आणि कमी मद्यार्काच्या पेयाला चांगले म्हणायचे ते कोणत्या आधारावर? प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील 'डार्क माइल्ड' या काळसर, सौम्य व स्वस्त बिअरच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा येथे हेतू नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मांडलेली भूमिका येथे गृहीत धरलेली आहे.

'माइल्ड' या शब्दाचे दोन अर्थ

महाराष्ट्रात 'माइल्ड बिअर' म्हटले की ग्राहकाच्या मनात येते ती फिकट पिवळी, बर्फासारखी थंड आणि 'स्ट्राँग'पेक्षा कमी चढणारी बाटली. हा अर्थ नियमांतून आलेला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक विनियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ही सौम्य आणि ५ ते ८ टक्क्यांपर्यंतची ती तीव्र होय. चवीचा येथे काहीही संबंध नाही.

इंग्रजीतील मूळ अर्थ निराळा आहे. सतराव्या-अठराव्या शतकात 'माइल्ड' म्हणजे ताजी, न मुरवलेली बिअर. पिंपात महिनोन्‌महिने ठेवून आंबूसपणा आलेली ती 'स्टेल' किंवा 'ओल्ड', आणि तयार होताच विकली जाणारी ती 'माइल्ड'. लोणच्याच्या ताज्या आणि मुरलेल्या फोडीत जो भेद मराठी माणूस सहज करतो, तशाच स्वरूपाचा हा भेद होता. एकोणिसाव्या शतकातील माइल्ड ही कमजोरही नव्हती आणि बहुधा काळीही नव्हती. तिच्यात ६-७ टक्के मद्यार्क असणे सामान्य होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्यावर निर्बंध आले, करही वाढले आणि बिअर पातळ होत गेली. युद्ध संपले तरी तिची जुनी तीव्रता परत आली नाही. काळा रंग, कमी मद्यार्क आणि कमी किंमत ही आजच्या डार्क माइल्डची तिन्ही लक्षणे विसाव्या शतकात स्थिरावली. खाण व कारखान्यांतील कामगारांचे हे पेय १९५० च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर खपत होते. पुढे 'बिटर' व नंतर लागर या प्रकारांनी तिला मागे सारले. म्हाताऱ्यांचे, गरिबांचे पेय अशी तिची ओळख झाली आणि ती अनेक गावांतून नाहीशी झाली.

मात्र गुणवत्तेच्या दृष्टीने पाहिले असता चित्र वेगळे दिसते. ब्रिटनमधील 'कॅम्रा' या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत २००० साली 'मूरहाउसेस ब्लॅक कॅट' ही अवघ्या ३.४ टक्के मद्यार्काची माइल्ड सर्वोत्कृष्ट ठरली. २००९ मध्ये 'रडगेट रूबी माइल्ड' आणि २०११ मध्ये 'ऑस्कर वाइल्ड' या माइल्डलाही तोच मान मिळाला. महागड्या व तीव्र प्रकारांशी झालेल्या स्पर्धेत हे घडले, ही बाब लक्षणीय आहे.

रंग व चव यांचे मूळ

बिअरचे मूळ मोड आणलेल्या धान्यात, मुख्यतः सातूत म्हणजे बार्लीत असते. नाचणीचे सत्त्व करताना घरातील स्त्रिया जे करतात तेच येथे घडते : धान्य भिजविणे, मोड आणणे, वाळविणे, भाजणे व भरडणे. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. भरड गरम पाण्यात ठेवली की ही विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. शर्करेचे किण्वन करून यीस्ट मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. हॉप्सची फुले कडवटपणा देतात. माइल्डमध्ये हॉप्स बेताचे असतात.

काळा रंग भाजण्यातून येतो. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याचे एकस्व घेतले. त्यापूर्वी गडद रंगासाठी मोठ्या प्रमाणावर तपकिरी माल्ट वापरावे लागे. आता थोड्याशा काळ्या माल्टने काम होऊ लागले. स्वस्त बिअर काळी होण्यामागे हे अर्थशास्त्रही आहे. भाजताना शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात जी अभिक्रिया घडते ती लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. तव्यावरच्या भाकरीला पडणारे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आणि काळ्या बिअरचा खरपूसपणा या सर्वांच्या मुळाशी हीच अभिक्रिया आहे.

दुसरा घटक साखर हा होय. इंग्लंडमध्ये १८४७ पासून बिअरमध्ये साखर वापरण्यास मुभा मिळाली व १८८० च्या कायद्याने घटकांविषयीचे स्वातंत्र्य आणखी वाढले. गडद रंगाची अपवर्तित साखर ही माइल्डच्या चवीची एक ओळखच बनली. तिची चव काकवीच्या फार जवळची असते. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या सोलापूर जिल्ह्यातील वाचकास ही चव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पाण्याचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. भाजलेले माल्ट आम्लधर्मी असते. त्यामुळे ज्या पाण्यात बायकार्बोनेटांचे प्रमाण अधिक, त्या पाण्यात काळी बिअर चांगली उतरते व फिकट बिअर खरखरीत, तुरट होते. लंडन व डब्लिन ही शहरे काळ्या बिअरसाठी प्रसिद्ध झाली त्यामागे तेथील पाण्याचा वाटा होता. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलही प्रायः कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेट प्रकारचे आहे. निव्वळ रसायनशास्त्राने उत्तर द्यायचे तर मोहोळच्या विहिरीचे पाणी फिकट लागरपेक्षा काळ्या माइल्डला अधिक मानवेल. अर्थात विहिरीला पाणी असेल तर. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यउद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता, याचे स्मरण या ठिकाणी ठेवावे लागते.

कमी मद्यार्क असूनही चांगली माइल्ड पाणचट का लागत नाही, याचे उत्तर तापमानात आहे. भरड ६०-६५ अंश सेल्सिअसला ठेवल्यास बीटा-अमायलेज हे विकर अधिक काम करते व किण्वनक्षम शर्करा वाढते. तापमान ६८-६९ अंशांपर्यंत नेल्यास न आंबणारी डेक्स्ट्रिने मागे राहतात. ती मद्यार्क वाढवीत नाहीत, पण तोंडात भरीवपणा देतात. सौम्य बिअर चांगली करणे हे तीव्र बिअर करण्यापेक्षा कठीण मानले जाते ते यासाठीच. दोष झाकण्यास मद्यार्काची ऊब येथे उपलब्ध नसते.

परीक्षणाची पूर्वतयारी

परीक्षणाची सुरुवात तापमानापासून होते. आपल्याकडे बिअर जितकी थंड तितकी चांगली अशी समजूत आहे, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात ती समजण्यासारखीही आहे. परंतु ३-४ अंशांवरील पेयात गंध वर येत नाहीत. बर्फासारखी थंड बिअर देणे हा निकृष्ट बिअर खपविण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. माइल्डसाठी ११ ते १३ अंश हे तापमान योग्य समजले जाते.

पेला स्वच्छ व तेलाचा अंश नसलेला हवा, कारण स्निग्ध पदार्थ फेस मोडतात. परीक्षकाने अत्तर, तंबाखू व पान वर्ज्य करावे. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी व बेचव पावाचा तुकडा घ्यावा. सोलापुरी शेंगाचटणी या प्रसंगी दूर ठेवलेली बरी. नमुन्यांना नावे न देता तीन अंकी यादृच्छिक क्रमांक द्यावेत. फिकटाकडून गडदाकडे, सौम्याकडून तीव्राकडे असा क्रम ठेवावा.

नाव आणि किंमत का लपवायची, यास आधार आहे. २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून देण्यात आली असता, महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना अधिक आवडली. इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागाची क्रियाही अधिक दिसली. रंगाचाही असाच प्रभाव पडतो. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला, तेव्हा वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनसाठी राखीव असलेल्या शब्दांत केले. काळी बिअर म्हणजे जड व कडक बिअर ही समजूतही याच जातीची आहे. निव्वळ रंगासाठी कॅरमेल घातलेली बिअर काळी दिसते, पण डोळे मिटून घेतल्यास ती फिकट बिअरहून वेगळी लागत नाही. म्हणून पहिली फेरी अपारदर्शक पेल्यातून घेणे उपयुक्त ठरते.

प्रत्यक्ष आस्वादन

प्रथम पाहणे. चांगल्या डार्क माइल्डचा रंग तांबूस तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत असतो. पेला उजेडासमोर धरल्यास कडेला माणकासारखी झाक दिसते. फेस बेताचा, मळकट पांढरा. वायू कमी असल्याने फेस फार वेळ टिकत नाही. तो दोष मानू नये.

नंतर हुंगणे. गंधाची पहिली जाणीव फार लवकर मावळते, म्हणून पेला ओतताच दोन-तीन छोटे श्वास घेऊन लगेच नोंद करावी. घोट घेतल्यावर तो क्षणभर तोंडात फिरवून गिळावा आणि श्वास नाकावाटे सोडावा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या गंधाचा असतो. जिभेचे टोक गोड, मागचा भाग कडू असा जो नकाशा शालेय पुस्तकांतून शिकविला जात असे तो चुकीचा आहे. सर्व चवी जिभेच्या सर्व स्वादग्राही भागांना कळतात. तथापि कडवटपणा उशिरा येतो व रेंगाळतो, म्हणून वाइनप्रमाणे थुंकून टाकण्याऐवजी बिअरचा लहान घोट गिळण्याची प्रथा आहे.

खरी अडचण यापुढे येते, ती शब्दांची. परदेशी परीक्षणपत्रिकांत टॉफी, बिस्किट, लिकरिश, ट्रीकल, प्लम असे शब्द असतात. ज्याने ट्रीकल कधी चाखलेले नाही त्याने तो शब्द लिहिणे म्हणजे दुसऱ्याची उत्तरपत्रिका उतरवून काढण्यासारखे आहे. गंधाची ओळख स्मृतीवर अवलंबून असते व स्मृती प्रदेशाची असते. मराठीत, विशेषतः सोलापूर भागात, यासाठी भरपूर सामग्री आहे. सौम्य भाजलेल्या माल्टला 'कडक भाकरीचा वास' हे वर्णन बिस्किटापेक्षा अचूक बसते. किंचित अधिक भाजल्यास भाजलेले शेंगदाणे व फुटाणे. त्यापुढे भाकरीचा करपलेला पापुद्रा. आणि त्याहीपुढे कोळशाकडे झुकणारा करपट वास. गोडव्याच्या बाजूस ताजा गूळ, काकवी, चिक्की आणि पाक जास्त कढल्यावर येणारा कडसर गोडवा या चार पायऱ्या स्वतंत्र आहेत. यीस्टमधून येणाऱ्या फळासारख्या गंधांसाठी खारीक, मनुका व पिकलेले केळे हे शब्द पुरेसे आहेत. हुरड्याच्या हंगामात गूळभेंडीचा दाणा आणि साध्या ज्वारीचा दाणा डोळे मिटून ओळखणारी माणसे या भागात आहेत. ती परीक्षक म्हणून कोणत्याही प्रशिक्षित मंडळात शोभतील.

'खमंग', 'खरपूस' व 'करपट' या तीन शब्दांत मराठीने जी चढती श्रेणी बांधली आहे, तिचा मूल्यमापनात थेट उपयोग करता येतो. डार्क माइल्ड ही 'खमंग' ते 'खरपूस' या पट्ट्यात असावी. करपटपणा प्रबळ झाला की ती स्टाउटच्या प्रदेशात शिरते.

दोषांची ओळख

गुणांपेक्षा दोष ओळखणे अधिक निश्चित असते, कारण प्रत्येक दोषामागे एक संयुग व एक कारण असते. लोण्याचा किंवा कृत्रिम बटरचा वास हा डायअ‍ॅसिटिलमुळे येतो. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही तो जाणवू शकतो. किण्वन घाईने संपविल्याची ही खूण आहे. इंग्रजी प्रकारांत त्याची पुसटशी छटा चालते, भरभरून आल्यास चालत नाही. हिरव्या सफरचंदासारखा वास अपक्व बिअरचा; त्यामागे अ‍ॅसिटाल्डिहाइड असते. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडचा. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा, ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिडीकरणाचा असतो. उन्हाळ्यात दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडलेल्या खोक्यांत तो हमखास आढळावा, कारण उष्णतेने ही अभिक्रिया वेगाने होते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतील बिअर उन्हात राहिल्यास हॉप्समधील घटकांपासून उग्र, दुर्गंधी गंधक संयुग तयार होते; तपकिरी बाटलीचे प्रयोजन हेच. शिरक्यासारखा आंबूसपणा जीवाणूंचा.

स्वस्त पेयाच्या बाबतीत एक भेद कटाक्षाने पाळावा लागतो. चवीचा साधेपणा हा दोष नव्हे. माइल्डमध्ये थर कमी असतात, शेवट लवकर होतो, कडवटपणा मागे रेंगाळत नाही. हे तिचे स्वरूप आहे. ओला पुठ्ठा हा मात्र कोणत्याही किमतीत दोषच आहे, आणि 'एवढ्या पैशांत एवढेच मिळणार' असे म्हणून तो माफ करणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

गुणांकन व चाचण्या

१९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'ची ५० गुणांची पत्रिका जगभर वापरली जाते. तिच्यात गंधास १२, दर्शनी रूपास ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ व एकूण परिणामास १० गुण आहेत. दर्शनी रूपाला केवळ ३ गुण आहेत, ही गोष्ट बाटलीच्या सजावटीवर भुलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. याच संस्थेच्या प्रकारवर्णनानुसार डार्क माइल्डमध्ये ३ ते ३.८ टक्के मद्यार्क, १० ते २५ इतके कडवटपणाचे एकक व १.०३० ते १.०३८ इतके प्रारंभिक विशिष्ट गुरुत्व अपेक्षित आहे. परीक्षण प्रकाराच्या मर्यादेत करावयाचे असते. माइल्डला ती स्टाउटसारखी दाट नाही म्हणून गुण कापणे हे भावगीताला त्यात ताना नाहीत म्हणून नापास करण्यासारखे होय.

दोन नमुन्यांत खरोखर फरक आहे काय, हे पाहण्यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात. तिचा विकास १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत झाला. परीक्षकास तीन पेले दिले जातात. त्यांपैकी दोन सारखे असतात. वेगळा कोणता ते सांगायचे. निव्वळ अंदाजाने एक तृतीयांश उत्तरे बरोबर येतील. १२ परीक्षकांपैकी ४ जणांचे बरोबर आले तर त्यास काहीच अर्थ नाही; ५ टक्के सार्थकता पातळीवर किमान ८ उत्तरे बरोबर यावी लागतात. सामाजिक शास्त्रांतील संशोधक ज्या 'स्टुडंट्स टी' चाचणीशिवाय प्रबंध पुरा करीत नाहीत, तिचा जनक विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस या काळ्या बिअरच्या कारखान्यात नोकरीस होता. १९०८ मध्ये त्याने तो निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केला. थोड्या नमुन्यांवरून निर्णय घेण्याची गरज त्याला सातू व बिअरच्या कामातूनच जाणवली होती.

या चाचण्या शिकविण्यासाठी महाविद्यालयात मद्य आणण्याची मुळीच गरज नाही. तीन वाट्यांत ताक घेऊन एकात किंचित अधिक मीठ घालावे, किंवा दोन वेगवेगळ्या भट्ट्यांतील फुटाणे घ्यावेत. संख्याशास्त्र तेच राहते. अन्नशास्त्र, गृहशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना एकत्र करता येईल असा हा उपक्रम आहे. त्याचा खर्च तर विभागाच्या चहाच्या बिलाहूनही कमी येईल.

किंमत व कर

'परवडणारी' हा शब्द मूल्यमापनात कसा आणायचा, हा या विषयातील सर्वांत अवघड भाग आहे. येथे चवीबरोबर समाजाचाही प्रश्न येतो. भारतात खपणाऱ्या बिअरपैकी चार पंचमांशांहून अधिक बिअर तीव्र प्रकारची आहे. ग्राहक चव नव्हे तर मद्यार्क विकत घेतो, असा याचा सरळ अर्थ. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ३.४ टक्के मद्यार्क असल्यास शुद्ध मद्यार्क सुमारे २२ मिलिलिटर, म्हणजे साधारण १७ ग्रॅम भरतो. ८ टक्क्यांच्या बाटलीत तो ५२ मिलिलिटर म्हणजे ४१ ग्रॅम होतो, आणि ४२.८ टक्के मद्यार्काच्या विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटरमध्ये ७७ मिलिलिटर म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे किती रुपये पडतात, हे गणित रोजंदारीवरील मजुरास कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा चांगले कळते. या गणितात सौम्य बिअर नेहमीच हरते. गणिताच्या दुसऱ्या टोकास काय असते हे मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये दिसले. मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली.

करव्यवस्था या गणितात हस्तक्षेप करू शकते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालील बिअरवर शुद्ध मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे कमी दराने शुल्क आकारले जाते. परिणामी ३.४ टक्क्यांची माइल्ड तयार करणे व्यवहार्य झाले आणि काही उत्पादकांनी जुन्या बिअरची तीव्रता त्या रेषेखाली आणली. महाराष्ट्रात सौम्य व तीव्र असे दोनच कप्पे असल्याने ४.९ टक्क्यांची व ३.४ टक्क्यांची बिअर एकाच कप्प्यात पडते; खाली उतरण्यास उत्पादकाला कारण उरत नाही. बिअरवरील शुल्काचा फेरविचार करण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये अभ्यासगट नेमला होता. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले व धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. बिअरला त्या वाढीतून वगळण्यात आले. या सर्व चर्चेत महसूल होता, तीव्रता होती. चव कोठेही नव्हती.

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही राज्यातील पहिली सूक्ष्म ब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून घेतलेले आहे. जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे तो शब्द इंग्रजीत 'भ्रमिष्ट' या अर्थाने रुळला. त्यानंतर पुणे-मुंबईत अशा अनेक ब्रुअऱ्या निघाल्या व गडद प्रकारही मिळू लागले. परंतु एका पेल्याची किंमत तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या एखाद्या तासाच्या मानधनाला आव्हान देणारी असेल, तर इंग्लंडमधील खाणकामगाराच्या पेयाचे येथे वर्गांतर झाले असेच म्हणावे लागते.

ज्वारीची शक्यता

सातूऐवजी ज्वारी वापरता येईल काय, हा प्रश्न मोहोळच्या संदर्भात स्वाभाविक आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर ही प्राचीन परंपरा असून ती आंबट, गढूळ व पेजेसारखी दाट असते. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तेथील मोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारीकडे वळावे लागले आणि स्वच्छ, आधुनिक बिअरही ज्वारीपासून होऊ शकते हे सिद्ध झाले.

अडचणी तांत्रिक आहेत. ज्वारीच्या पिष्टाचे जिलेटिनीकरण होण्यास ६८ ते ७५ अंश व कधी त्याहून अधिक तापमान लागते. सातूला त्याहून बरेच कमी पुरते. नेमक्या या तापमानाला शर्करा करणारे बीटा-अमायलेज निकामी होते, आणि ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी असते. त्यावर उपाय म्हणून विकरयुक्त पाणी आधी काढून घेऊन उरलेली भरड शिजवितात व निवाल्यावर ते पाणी पुन्हा मिसळतात. ज्वारीला सातूसारखे टरफल नसल्याने गाळणीचा नैसर्गिक थर बसत नाही. ज्वारीच्या मोडांत सायनाइड देणारे धुरिन हे द्रव्य असते. म्हणून वाळविल्यानंतर मोड व मुळे काढून टाकावीच लागतात. एवढे करूनही फेस कमी येतो. मात्र डार्क माइल्डमध्ये फेस व चकचकीत पारदर्शकता यांची अपेक्षाच कमी, भाजलेल्या माल्टची व काकवीची चव प्रधान आणि मद्यार्क अल्प. ज्वारीच्या उणिवा फिकट लागरमध्ये उघड्या पडतील. माइल्डमध्ये त्यांपैकी बऱ्याच सामावून जातील.

कोणती ज्वारी, हा मुद्दा मात्र निर्णायक आहे. मालदांडी ही भाकरीची ज्वारी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या रानात पेरून जमिनीतील ओलीवर येणारा शाळू बाजारात चढ्या दराने विकला जातो. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ती भट्टीत घालणे आर्थिकदृष्ट्या व नैतिकदृष्ट्याही समर्थनीय ठरणार नाही. मग पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी वापरावी, असे कोणी म्हणेल. राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क निर्मितीस प्रोत्साहन देण्याची योजना २००७ मध्ये आणली तेव्हा असाच युक्तिवाद झाला होता व सामाजिक कार्यकर्त्यांनी त्यास तीव्र विरोध केला होता. ऊर्ध्वपातनात खराब दाणा एकवेळ चालतो, कारण तेथे चव मागे राहते. माल्ट करण्यासाठी मात्र दाणा जिवंत असावा लागतो. बुरशी लागलेल्या दाण्याला नीट मोड येत नाहीत, आणि आले तरी बुरशीची विषद्रव्ये व कुबट वास दोन्ही पेयात उतरतात. बिअरला लागणारी ज्वारी ही बियाण्याच्या तोडीची, नव्वद टक्क्यांहून अधिक उगवणशक्तीची हवी, आणि ती भाकरीच्या ताटातून काढून घेतलेली नको. या दोन अटी एकदम पुऱ्या करणारे खरीप वाण, त्याला मिळणारा दर आणि त्यास लागणारे पाणी या तीन गोष्टींवर या प्रयोगाचे भवितव्य अवलंबून आहे. चवीचे परीक्षण त्यानंतरचे. आणि ते करण्यास लागणारी जीभ व शब्द मोहोळमध्ये आधीपासूनच आहेत.